पाचव्या मजल्यावरची ऊब

१९ ऑक्टोबर

आजपासून मी इमारतीचा सचिव. सभेत हात कुणीच वर करेना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं आणि आपल्या गळ्यात धोंड पडू नये म्हणून बाकीच्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. मी नको नको म्हटलं. पण खरं लिहायचं तर बरं वाटलं. छापखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. मुद्रितशोधकाला निवृत्त झाल्यावर काढायला चुकाच उरत नाहीत.

काम सोपं नाही. तळघरातला एक बॉयलर वीस घरांना पुरतो. त्याचं गरम पाणी वर चढतं, खिडक्यांखालच्या लोखंडी रेडिएटरांतून फिरतं आणि घरं तापवतं. न्हाणीघरांचं गरम पाणी तळघरातल्याच वेगळ्या टाकीतून येतं. इंधनाचे दर दोन वर्षांत इतके चढले की तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब गेल्या हिवाळ्यात घर सोडून गेलं. मी सभेत सांगून टाकलं, मार्चपर्यंत इंधन पाव हिश्शाने कमी करून दाखवतो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "आता बॉयलरची प्रुफं तपासा."

२३ ऑक्टोबर

बॉयलरवाल्याबरोबर तळघरात उतरलो. आठवड्यातून एकदा येणारा, कमी बोलणारा माणूस. खाली पाऊल टाकताच कोट काढावा लागला. इमारतीतली सगळ्यात उबदार खोली ही, आणि राहतं कोण? पाच सायकली आणि एक मोडकं कपाट.

"आधी नळांना कपडे घाला," तो म्हणाला. "सगळे उघडेनागडे आहेत. टाकीसुद्धा."

मी सगळं लिहून घेतलं. रेडिएटरचं पाणी पंचाहत्तर अंशांवर निघतं, ते साठाच्या आत आणता येईल. पंप उगाच जोरात चालतो, त्याचा वेग उतरवायचा. न्हाण्याच्या टाकीतलं पाणी मात्र साठाच्या खाली न्यायचं नाही, त्यात रोगजंतू वाढतात. पण ते दिवसभर नळांतून फिरवत ठेवायची गरज नाही. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास पुरे.

"पण एक लक्षात ठेवा, सचिवसाहेब," निघताना तो म्हणाला. "कपात केली की पहिला मार वरच्या मजल्याला बसतो. पाणी तिथे शेवटी पोहोचतं. अधूनमधून वर जाऊन रेडिएटरला हात लावून बघत जा. मी आठवड्याने येतो, तुम्ही इथेच राहता."

मी हो म्हटलं. फार सावध माणूस आहे. अशांच्या हातून मोठी कामं होत नाहीत.

२९ ऑक्टोबर

एक गळका व्हॉल्व्ह बदलण्यासाठी सगळ्या नळांतलं पाणी काढून पुन्हा भरलं. अशा वेळी नळांत हवा शिरते आणि वर चढून शेवटच्या रेडिएटरांत अडकून बसते. हवा आत असली की पाणी पुढे सरकत नाही. ती सोडायला घड्याळाच्या किल्लीएवढी एक छोटी किल्ली असते. बॉयलरवाल्याने ती माझ्या हातात दिली, कसं करायचं ते तळघरातल्या एका जुन्या रेडिएटरवर दाखवलं आणि तो दुसऱ्या इमारतीकडे पळाला.

पाचव्या मजल्यावर चार घरं. तीन उरकली. फुस्स करून हवा जाते, मग पाण्याचा थेंब आला की किल्ली फिरवायची. चौथं दार उघडलं नाही. कोपऱ्यातल्या बाई कुठे गेल्या असतील कोण जाणे. पाच जिने चढून गुडघे बोलायला लागले होते. उद्या पाहू.

३० ऑक्टोबर

सकाळपासून संध्याकाळपर्यंत नळ गुंडाळले. राखाडी फोमच्या नळ्या, त्यावर चिकटपट्टी. टाकीला जाड रजईसारखं आवरण. ही दुपारी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "इतकं प्रेमाने तुम्ही मला कधी शाल पांघरली नाही." मी म्हटलं, तू साठ अंशांवर नसतेस. ती बराच वेळ हसत होती.

तळघर थंड झालं. केवढं समाधान वाटलं, काय सांगू.

५ नोव्हेंबर

पत्रक छापून वीस घरांत वाटलं. गरम पाण्याच्या वेळा, आणि खाली नऊ सूचना: खिडक्यांच्या फटी बुजवा, रेडिएटरपुढे सोफा लावू नका, रात्री पडदे ओढा वगैरे. एकही लेखनचूक नाही.

संध्याकाळी माझ्या टपालपेटीत चिठ्ठी. पाचव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाईंची. एकट्याच राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. जुने सचिव मला म्हणाले होतेच, या बाई बोलत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात. म्हणून त्यांना सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. "दूपारी गरम पाणि येत नाहि. मला दूपारी हात शेकायला लागतात." पाच-सहा वर्षांची मुलंसुद्धा पाणी शब्दाला दुसरी वेलांटी देतात.

चिठ्ठीच्या मागे वेळापत्रक लिहून परत टाकली.

१३ नोव्हेंबर

चिठ्ठी क्रमांक दोन. "माझा रेडीएटर वरून गार आणि खालून कोमट आहे. आतून गुडगुड आवाज येतो. कुणितरी बघुन जा."

वरून गार, खालून कोमट! रेडिएटर आहे की दुधाचं पातेलं? दातांच्या डॉक्टरांना जिन्यात वाचून दाखवली. ते म्हणाले, "गुडगुड होत असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवा." फार हसलो.

उत्तरात लिहिलं, की पाण्याचं तापमान सगळ्यांसाठीच कमी केलं आहे, थोडी कळ सोसावी, स्वेटर वापरावा.

२२ नोव्हेंबर

चिठ्ठी क्रमांक तीन. जशीच्या तशी उतरवून ठेवतो, कारण नमुना आहे.

"मि तिसऱ्यांदा लिहित आहे. माझि बोटं सकाळी पांढरि पडतात. मि चाळिस वर्ष हातमोजे शिवले. आता सुई धरता येत नाहि. घरात उब नाहि. तूम्ही एकदा वर यावं हि विनंति."

सहा वाक्यांत तेरा चुका. चाळीस वर्षांची सवय, हात आवरेना. लाल शाई काढली, समासात छापखान्याच्या खुणा केल्या, खाली लिहिलं, "दुरुस्तीसह सादर, म्हणजे तक्रार तरी शुद्ध होईल." आणि खालच्या सूचनाफलकावर लावली. इंधनाच्या काळजीने लोकांचे चेहरे आंबट झाले आहेत, तेवढाच विरंगुळा.

संध्याकाळपर्यंत सगळी इमारत वाचून गेली. कुणीतरी पेन्सिलीने खाली गुणही दिले, दहापैकी दोन. डॉक्टर म्हणाले, असा मजेदार सचिव याआधी झाला नाही.

२४ नोव्हेंबर

फलकावरचा कागद गायब. टाचणीसकट. वाऱ्याने गेला असेल. खालचं दार कुणी नीट लावत नाही, त्यावर वेगळी सूचना काढायला हवी.

ही दोन दिवस गप्प आहे. डोकं दुखतंय म्हणते.

८ डिसेंबर

पंधरा दिवसांत एकही चिठ्ठी नाही. लोकांना वळण लावावं लागतं, मग सगळं रुळावर येतं. छापखान्यातही खिळे जुळवणारे नवे कामगार असेच कुरकुर करायचे.

थंडी वाढली आहे. आमच्या घरात एकोणीस अंश, स्वेटर घातला की काही वाटत नाही.

१९ डिसेंबर

वाचनालयात मासिकं चाळायला गेलो तर तिथे चिठ्ठीबाई. खिडकीजवळच्या रेडिएटरला खुर्ची अगदी लावून बसलेल्या. अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात मोजे. समोर मासिक उघडं. मी तासभर होतो, तेवढ्यात त्यांनी पान उलटलं नाही. ग्रंथपाल म्हणाले, रोज येतात, उघडायच्या आधी दारात उभ्या असतात आणि बंद करताना शेवटी उठतात.

म्हातारपणी वाचनाचा नाद लागला, हे चांगलंच. शुद्धलेखनही सुधारेल. मी मान लववून नमस्कार केला. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "मोजे घालून पान उलटता येत नाही." एवढंच म्हणून स्वयंपाकघरात गेली.

२ जानेवारी

आकडे आले. बॉयलरवाल्याने स्वतः मोजणी केली. आदल्या वर्षीच्या डिसेंबरपेक्षा सत्तावीस टक्के इंधन कमी. सत्तावीस. मी पंचवीसच म्हटलं होतं.

तो मात्र टोपीखाली डोकं खाजवत म्हणाला, "वरच्या मजल्यावर ठीक आहे ना?"

मी म्हटलं, सहा आठवड्यांत एक तक्रार नाही.

"हात लावून बघितलंत?"

मी म्हटलं, तक्रार असती तर आली असती.

११ जानेवारी

कडाक्याची थंडी. रस्त्यावर बर्फ गोठून काच झाली आहे. शाळा बंद, वाचनालयाचा नळ फुटल्यामुळे तेही चार दिवस बंद. बाहेर पडायची सोय नाही. ही दोनदा म्हणाली, वर जाऊन बघून येऊ का. मी म्हटलं, कुणाला बघणार, सगळे आपापल्या घरी मजेत आहेत. जिन्यात पाय घसरला तर तुझंच करावं लागेल मला.

१४ जानेवारी

ही सकाळी मला न सांगता वर गेली. दहा मिनिटांनी जिन्यातून हाक ऐकू आली, माझ्या नावाने. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हिने मला नावाने कधी हाक मारलेली नाही.

दार नुसतंच लोटलेलं होतं. चिठ्ठीबाई पलंग आणि खिडकीच्या मध्ये जमिनीवर पडल्या होत्या. अंगावर कोट, त्यावर सतरंजी. जाग होती, पण शब्द जड पडत होते आणि अंग कापत नव्हतं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने आधी तेच विचारलं, कापतायत का. नाही म्हटल्यावर, गारठलेलं अंग कापायचं थांबलं की धोका असतो म्हणत तो घाई करायला लागला. खोलीत मला माझा श्वास दिसत होता. भिंतीवर एक छोटा तापमापक होता. अकरा अंश.

ही त्यांच्याबरोबर गेली.

१५ जानेवारी

सकाळी बॉयलरवाल्याला बोलावलं. दोघं वर गेलो. त्याने रेडिएटरवर हात ठेवला, वर, मध्ये, खाली. मग माझा हात धरून तसाच फिरवला.

"वरून गार, खालून कोमट," तो म्हणाला. "हवा भरलीय. सोडलीच नव्हती?"

मी खिशातून किल्ली काढून दिली. त्याने फिरवली. हवा इतका वेळ जात राहिली की शेवटी तो किल्ली धरून खाली बसला. मग गुडगुडलं, पाण्याचा थेंब आला, आणि रेडिएटर खालून वरपर्यंत तापत गेला. मी घड्याळ पाहत होतो. चार मिनिटं.

मी विचारलं, "तापमान कमी केलं म्हणून नाही झालं?"

"नाही. तुमची कपात बरोबर होती. शेजारच्या तिघांकडे बघा ना, एकोणीस-वीस आहे." तो हात पुसत म्हणाला, "वर कुणी आलं असतं तर झालं असतं काम."

मला वाटतं, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

आज ही रुग्णालयातून आली आणि मी विचारलं, फलकावरचा तो कागद तूच काढलास ना?

"हो."

मग तिने सांगितलं. त्या दिवशी ती बाजारातून येत होती. चिठ्ठीबाई फलकापुढे उभ्या होत्या. मोज्यातलं बोट एकेका लाल खुणेवर ठेवत होत्या, लहान मूल धडा वाचतं तशा. ही मागे उभी आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी चौथीतच शाळा सोडली." आणि जिना चढून गेल्या. त्या वर पोहोचेपर्यंत ही पिशवी घेऊन तिथेच थांबली, मग कागद काढला.

"मला का नाही बोललीस?"

ती पदराने डोळे पुसत नव्हती की काही नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही माझ्या वाक्यातली चूक काढली असती."

तोंडावर एक उत्तर आलं होतं. ते तिच्या वाक्यरचनेबद्दल होतं. देवा.

१९ जानेवारी

रुग्णालयात गेलो. फुप्फुसात पाणी झालंय म्हणतात, हृदयही दमलं आहे. पण शुद्धीवर आहेत. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, पडून राहा.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "इथे छान उबदार आहे."

मी खुर्ची ओढली. काय बोलायचं ते जिन्यातून ठरवत आलो होतो, सगळं विसरलो. म्हटलं, "मी वर यायला हवं होतं."

"कामं असतात माणसाला."

"रेडिएटरमध्ये नुसती हवा होती. तुम्ही लिहिलं होतं ते बरोब्बर होतं. वरून गार, खालून कोमट."

"हो का?" त्यांना खरंच आनंद झाला. "मला वाटलंच. कारखान्यात होते ना असले रेडिएटर. एक फोरमन होता, तो येऊन किल्ली फिरवून जायचा. पण ते कसं लिहायचं, कळेना."

त्यांचे हात चादरीवर होते. बोटांची टोकं निळसर, पेरं सुजलेली. कारखान्यात बाराव्या वर्षी लागल्या होत्या म्हणे. चामड्याचे हातमोजे, आतून लोकर. हिवाळ्याचा माल उन्हाळ्यात शिवायचा.

"थंडीच्या लाटेत एक चिठ्ठी लिहायला घेतली होती तुम्हाला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, या वेळी नीट लिहू, चूक नको. पण पहिल्याच शब्दाला अडले. थंडीला वेलांटी पहिली की दुसरी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरी."

त्यांनी मान हलवली. "दुसरी," त्या म्हणाल्या. ओठांतल्या ओठांत आणखी एकदा म्हणाल्या, पाठ करावं तसं.

मला तिथे बसवेना. पण उठलो नाही.

२१ जानेवारी

आज त्या झोपेतच होत्या. ही त्यांच्या हाताला तेल लावत होती. मी पायाशी बसून राहिलो. परतताना रस्त्यात हिने माझा दंड धरला, बर्फामुळे असेल.

२३ जानेवारी

सकाळी सव्वासहाला गेल्या. ही तिथे होती. मी घरी होतो, दात घासत होतो, गरम पाण्याने.

२८ जानेवारी

त्यांची भाची आली आहे, दूरच्या गावाहून. शाळेच्या बसवर चालक आहे, दोन दिवसांची रजा घेऊन आली. घर रिकामं करायला मदत लागेल म्हणून मी वर गेलो. खरं तर हिने पाठवलं.

सामान थोडंच. पण घर पाहून मी दारातच थबकलो. खिडक्यांच्या फटींत लोकरी कापडाच्या पट्ट्या भरलेल्या, कडा बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेल्या. दाराखाली कापडाची लांब वळकटी. पडद्यांना आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर. सोफा रेडिएटरपासून लांब. चुलीशेजारी भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं. नऊ सूचना. आठांपुढे छोटी बरोबरची खूण केलेली. नववी सूचना होती, "काही अडचण आल्यास सचिवांना कळवावे." तिच्यापुढे खूण नव्हती. तिथे तीन उभ्या रेघा होत्या.

भाची खोकं बांधत होती. "तुम्ही मावशीच्या ओळखीचे?" तिने विचारलं.

"मी इथला सचिव."

"अच्छा, तुम्हीच का." ती हात झटकत उभी राहिली. "फोनवर सांगायची तुमच्याबद्दल. म्हणायची, आमचे नवे सचिव फार शिकलेले आहेत. मी म्हणायचे, मावशी, माझ्याकडे ये हिवाळ्यात. तर म्हणायची, नको, इथे सगळी व्यवस्था चांगली आहे."

मी तिला सांगायला तोंड उघडलं. ती तेवढ्यात म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी शेवटी फार केलंत तिचं. काकूंचे तर उपकार आहेत." आणि रडायला लागली. रडणाऱ्या माणसाला अडवून आपला गुन्हा सांगणं म्हणजे त्याचं रडणंही हिसकावून घेणं, असं त्या क्षणी वाटलं. आता लिहिताना वाटतंय, की मी भ्यालो होतो. दोन्ही खरं असेल.

खोकी मी खाली नेली. सात फेऱ्या. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही.

९ फेब्रुवारी

सभा. इंधनाचे आकडे वाचून दाखवले, तर टाळ्या. डॉक्टर उठून म्हणाले, सचिवांनी करून दाखवलं, आभाराचा ठराव मांडतो.

मी म्हटलं, थांबा. मग जे घडलं ते सांगितलं. एक दार राहिलं होतं. त्या घरातून तीन चिठ्ठ्या आल्या. मी तेरा चुका काढल्या आणि शेवटचं वाक्य वाचलं नाही. नंतर चिठ्ठ्या बंद झाल्या, तर मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "वयही झालं होतं हो त्यांचं. स्वतःला असा दोष लावून घेऊ नका."

"गुण कुणी दिले होते पेन्सिलीने?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मी राजीनामा पुढे केला. कुणी घेईना. दयेपोटी नव्हे, दुसरा सचिव कुठून आणायचा, हा प्रश्न होता. शेवटी ठरलं, मीच राहायचं. कपात तशीच चालू ठेवायची, कारण तिच्यात खोट नाही. फक्त दर रविवारी सचिवाने वीसही घरांत जाऊन रेडिएटरला हात लावून यायचं. हा ठराव मी मांडला, अनुमोदन हिने दिलं. सभेत ही पहिल्यांदाच बोलली.

इतिवृत्त लिहायला बसलो. डॉक्टर मागून येऊन म्हणाले, "ते चिठ्ठीचं वगैरे कागदावर कशाला? कायमचं राहील." मी म्हटलं, राहू दे. सगळं लिहिलं. कागद तपासायला हिच्याकडे दिला. तिने दोन ठिकाणी माझी वाक्यं बदलली. "दुर्दैवी घटना" खोडून "मृत्यू" केलं. "संबंधितांकडून" खोडून "माझ्याकडून" केलं.

२ मार्च

तीन रविवार झाले. लोक आधी अवघडायचे, आता दार उघडून आपणच सांगतात, न्हाणीघरातला जरा मंद आहे. चौथ्या मजल्यावरच्या बाळंतिणीकडे आणि तिच्या समोरच्या घरी हवा निघाली. कुणी बसा म्हणतं, चहा घ्या म्हणतं. मी घेत नाही.

पाचव्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर रिकामं आहे. बॉयलरवाला म्हणाला, रिकाम्या घराचा व्हॉल्व्ह बंद करा, उगाच इंधन जातंय. बरोबर आहे त्याचं. मी घराची किल्ली घेऊन दोनदा वर गेलो आणि दोनदा तसाच खाली आलो. शेवटी त्यानेच बंद केला.

१६ मार्च

आज ते घर बघायला एक बाई आली होती. कपड्यांच्या धुलाई केंद्रात इस्त्रीचं काम करते, बरोबर म्हातारे वडील. वडील जिन्यात दर मजल्याला थांबत होते. मी त्यांच्याबरोबर थांबत गेलो.

तिने नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडून लावून पाहिल्या. मग रेडिएटरजवळ आली. व्हॉल्व्ह मी सकाळीच उघडून ठेवला होता.

"वडिलांना थंडी सोसत नाही," ती म्हणाली. "इथे नीट ऊब येते ना?"

"येते," मी म्हटलं. "आता येते."

तिने मान वळवली. "आता म्हणजे?"

नाही सांगितलं तरी चाललं असतं. घर रिकामं राहणं कुणालाच परवडत नाही, हिवाळा संपत आला आहे, आणि रेडिएटर खरोखरच तापला होता. मी सांगितलं. इथे एक बाई राहत होत्या, त्यांचा रेडिएटर अडीच महिने गार होता, त्यांनी तीनदा कळवलं, मी आलो नाही. त्या त्यातच गेल्या. हे सांगताना मी तिच्याकडे बघत होतो. वडील खिडकीशी उभे होते, त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

ती रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली. वर, मध्ये, खाली. तिला कुणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक.

"म्हणजे मी सांगितलं, तर तुम्ही वर याल?" तिने विचारलं.

"येईन."

तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तेच पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा एकदा सांगितलं.